विज्ञानकथा म्हणजे नक्की काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं एका दिवाळी अंकासाठी आलेल्या विज्ञानकथा वाचून निवडायचं काम माझ्याकडे आहे. जून-जुलैत कथा येऊ लागतात. बहुतेक ईमेलवर, पण चार-दोन अजूनही फुलस्केप कागदावर पाठपोट लिहिलेल्या असतात. कथांबरोबर प्रश्नही येतात आणि दरवर्षी साधारण तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली.

विज्ञानकथेची एका वाक्यात व्याख्या सांगा.

विज्ञान काढून घेतलं की जी कोसळते, ती विज्ञानकथा.

उदाहरण घ्या. चंद्रावरच्या वसाहतीत खून होतो, इन्स्पेक्टर येतो, चौकशी होते आणि शेवटी पुतण्याच खुनी निघतो. हीच गोष्ट साताऱ्यात घडवली तर काय बिघडतं? काहीच नाही. मग ती रहस्यकथा, चंद्र नुसता मागचा पडदा. पण चंद्रावरचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या साधारण एक षष्ठांश असतं, म्हणून पुतण्या जड पेटी एकट्याने उचलू शकला आणि नुकत्याच पृथ्वीवरून आलेल्या इन्स्पेक्टरच्या हे लक्षातच आलं नाही, असं असेल तर ती गोष्ट साताऱ्याला हलवता येत नाही. ती विज्ञानकथा.

पण सगळ्यांना मान्य अशी व्याख्या आहे का?

नाही. डेमन नाइट या अमेरिकन समीक्षकाने १९५०च्या दशकातच हात टेकले होते. आपण जिच्याकडे बोट दाखवून विज्ञानकथा म्हणतो ती विज्ञानकथा, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. अभ्यासकांत जास्त चालते ती डार्को सुविन यांची मांडणी. कथेत एक नवी गोष्ट येते, तिच्यामुळे आपलं ओळखीचं जग अनोळखी दिसायला लागतं, आणि हे अनोळखीपण जादूने नव्हे तर तर्काने पेललेलं असतं. मला यातलं ‘एक’ महत्त्वाचं वाटतं. नवशिके लेखक पहिल्याच पानावर कालप्रवास, परग्रहवासी आणि अमरत्वाचं औषध असं सगळं एकदम वाढतात.

‘विज्ञानकथा’ या शब्दाचा विग्रह कसा करायचा?

शाळेतल्या व्याकरणाचा हा प्रश्न वाटतो तेवढा कोरडा नाही. माझ्या मते मराठी विज्ञानकथेचं अर्धं भांडण या समासातच आहे.

‘राजपुत्र’सारखा विग्रह केला तर विज्ञानाची कथा. म्हणजे शोध कसा लागला, शास्त्रज्ञाने काय सोसलं. असं लेखन चांगलंच असतं, पण ते चरित्र किंवा विज्ञानाचा इतिहास झालं. मेरी क्यूरीवरची गोष्ट विज्ञानकथा नव्हे. ‘पोळपाट’सारखा केला तर विज्ञानासाठी कथा, म्हणजे विज्ञान शिकवण्यासाठी रचलेली. आपल्याकडे बराच काळ हाच अर्थ मनात धरून लिहिलं गेलं. आणि ‘पुरणपोळी’सारखा केला तर मधलं पद लोपलेलं आहे असं समजायचं: विज्ञान घालून केलेली कथा.

मी तिसऱ्या विग्रहाच्या बाजूचा. पुरण कमी पडलं तर ती साधी पोळी. दाबून भरलं तर तव्यावर टाकतानाच फाटते. आणि तिन्ही विग्रहांत एक गोष्ट कायम आहे: तत्पुरुषात दुसरं पद प्रधान असतं. पुरणपोळी शेवटी पोळीच असते. माझ्याकडे येणाऱ्या कथांत मात्र दहातल्या सहा-सात तरी विज्ञानावरचे निबंध असतात, अवतरणचिन्हांत घातलेले.

‘सायन्स फिक्शन’ हा मूळ शब्द कुठला?

इंग्रजीत तो पहिल्यांदा १८५१ मध्ये विल्यम विल्सन नावाच्या लेखकाच्या पुस्तकात सापडतो. पण तिथे तो आला आणि तिथेच राहिला, कोणी उचलला नाही. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या ‘असाधारण प्रवास’ या मालेत निघत. एच. जी. वेल्सच्या कादंबऱ्यांना ‘सायंटिफिक रोमान्स’ म्हणत. दोघांनी ज्याचा पाया घातला त्याला ते लिहीत होते तेव्हा आजचं नाव नव्हतं.

नाव रुळवलं ते ह्यूगो गर्न्सबॅकने. हा लक्झेंबर्गचा, अमेरिकेत जाऊन रेडिओचे सुटे भाग विकणारा आणि विजेच्या छंदाची मासिकं काढणारा माणूस. एप्रिल १९२६ मध्ये त्याने ‘अमेझिंग स्टोरीज’ सुरू केलं. फक्त या प्रकाराला वाहिलेलं इंग्रजीतलं ते पहिलं मासिक. त्याचा लाडका शब्द होता ‘सायंटिफिक्शन’, जो म्हणताना जीभ अडखळते. १९२९ मध्ये ते मासिक हातचं गेलं, त्याने नवं काढलं आणि त्यासाठी ‘सायन्स फिक्शन’ हा शब्द वापरायला घेतला. १९५३ पासून दिले जाणारे ह्यूगो पुरस्कार त्याच्याच नावाचे.

गर्न्सबॅकलाही कथेतून विज्ञान शिकवायचंच होतं. पोळपाटाचा विग्रह फक्त आपलाच नाही.

मराठीत हा प्रकार कधी आला?

अनुवादातून आला. कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या ‘केरळ कोकिळ’ मासिकात विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर व्हर्नची चंद्रावरच्या सफरीची गोष्ट मराठीत आली. श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही स्वतंत्र मराठीतल्या सुरुवातीच्या कथांत गणली जाते. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला, आणि फास्टर फेणे आवडणाऱ्या कित्येकांची या प्रकाराशी ओळख त्यांच्यामुळेच झाली. ‘नवल’सारख्या मासिकात गूढ, भय आणि विज्ञान शेजारी शेजारी नांदत होतं. नारायण धारपांचं नाव भयकथेशी जोडलं जातं, पण त्यांनी विज्ञानकथाही लिहिल्या.

शेजारी बंगालीत याआधीच एक मजेदार प्रकार घडला होता. १८९६ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी एक कथा लिहिली. कलकत्त्यावर चालून येणारं वादळ समुद्रात केसांच्या तेलाची बाटली ओतून शांत होतं. तेलाने पाण्याचा पृष्ठताण बदलतो, हे त्यामागचं विज्ञान. आणि कथा होती केशतेल बनवणाऱ्याच्याच स्पर्धेसाठी! जाहिरातीच्या पैशावर निघालेलं चांगलं साहित्य म्हणून हे उदाहरण मी नेहमी देतो.

मग जयंत नारळीकरांचं नाव सगळ्यात आधी का घेतलं जातं?

कारण त्यांच्यामुळे या प्रकाराला पंगतीत पान मिळालं.

१९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथास्पर्धा घेतली. नारळीकर तेव्हा नामवंत खगोलशास्त्रज्ञ होते. आपल्या नावाचा परिणाम परीक्षकांवर होऊ नये म्हणून त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवली. जयंत विष्णु नारळीकर, ज. वि. ना.; उलटं केलं की ना. वि. ज. अक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हातून उतरवून घेतली. ‘कृष्णविवर’ ही ती कथा, आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गा भागवतांनी या नव्या लेखनाची दखल घेतली. २०२१ च्या नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्ष स्वतः नारळीकर होते. मे २०२५ मध्ये ते गेले.

मला त्यांची सगळ्यात आवडती कथा ‘उजव्या सोंडेचा गणपती’. तिच्यातलं गणित घरी करून बघता येतं. कागदाची लांब पट्टी घ्या, एका टोकाला अर्धा पीळ द्या आणि टोकं चिकटवा. ही मोबियसची पट्टी. कागद पारदर्शक आहे असं समजा. त्यावर डाव्या हाताचा पंजा काढून तो पट्टीवरून सरकवत एक पूर्ण फेरी मारून आणला की तो उजव्या हाताचा झालेला असतो. आता हेच एखाद्या माणसाचं झालं तर? सोबत गणपतीची मूर्ती असेल तर तिची सोंड कुठे वळेल? इंग्रजी वाचकाला हा आरशातल्या प्रतिमेचा खेळ वाटेल. उजव्या सोंडेचा गणपती कडक, त्याचं सोवळं सांभाळावं लागतं, हे ज्याने आजीकडून ऐकलंय त्याच्या मात्र अंगावर काटा येतो. विज्ञान जगाचं आणि काटा आपला, असं जमून आलेल्या कथा थोड्या आहेत.

त्यांच्या पुस्तकांची नावंही बघा: ‘यक्षांची देणगी’, ‘वामन परत न आला’, ‘अंतराळातील भस्मासूर’. पुराणं नावांपुरती, आत भौतिकशास्त्र.

बाकीच्यांना विसरू नका. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, अरुण मांडे, मेघश्री दळवी, प्रत्येकाची चाल वेगळी. जावडेकरांकडे प्रयोगशाळेपेक्षा माणसाचं मन जास्त सापडतं. माझा कल तिकडे आहे, हे लपवत नाही.

‘वैज्ञानिक कथा’ आणि ‘विज्ञानकथा’ एकच का?

बोलताना लोक एकच समजतात. लिहिताना ‘विज्ञानकथा’च लिहा, आणि एक शब्द म्हणून, जोडून. ‘वैज्ञानिक’ म्हटलं की शास्त्रज्ञही होतो आणि ‘विज्ञानाला धरून असलेलं’ असाही अर्थ होतो. कथा विज्ञानाला शंभर टक्के धरून असेल तर ती कल्पित कसली?

कादंबरीलाही ‘विज्ञानकथा’ म्हणायचं?

इथे मराठी शब्द तोकडा पडतो. इंग्रजीतल्या ‘फिक्शन’मध्ये कथा आणि कादंबरी दोन्ही येतात. मराठीत ‘कथा’ म्हटलं की दहा-पंधरा पानांचा ऐवज डोळ्यांसमोर येतो. म्हणून कादंबरीला विज्ञान कादंबरी म्हणावं लागतं आणि नाटकाला विज्ञाननाट्य. सगळं मिळून काय म्हणायचं, याला चांगला शब्द नाही. ‘विज्ञानसाहित्य’ म्हणावं तर त्यात डासांवरचा लेखही येतो. काहीजण ‘विज्ञान काल्पनिका’ वापरतात. अर्थाने तो बरोबर आहे, पण चहाच्या टपरीवर कोणाच्या तोंडून मी अजून ऐकलेला नाही. बंगालीत अद्रीश वर्धन यांनी ‘कल्पविज्ञान’ हा शब्द दिला आणि तो रुळला. त्यात कल्पना आधी आणि विज्ञान नंतर येतं. मला त्यांचा हेवा वाटतो.

‘विज्ञान’ हा शब्द तरी याच अर्थाचा आहे का?

आज आहे. ज्ञानेश्वरीत नव्हता. सातव्या अध्यायात माउली म्हणतात, ‘अर्जुना तया नांव ज्ञान । येर प्रपंचु हें विज्ञान ।’ परमात्म्याचं ते ज्ञान आणि उरलेल्या पसाऱ्याचं ते विज्ञान. पुढे इंग्रजी अमदानीत सायन्सला आपण ‘शास्त्र’ म्हणू लागलो. पदार्थविज्ञानशास्त्र, रसायनशास्त्र ही नावं अजून टिकून आहेत. पण शास्त्र म्हणजे धर्मशास्त्रही, ज्योतिषशास्त्रही, आणि ‘शास्त्रापुरतं’ घेतलेलं चमचाभर श्रीखंडही. कथेला ‘शास्त्रीय’ हे विशेषण चिकटलं असतं तर लोकांनी तिच्यात ‘यमन’ शोधला असता. ‘विज्ञान’ रुळला ते बरंच झालं. माउलींचा अर्थ धरला तर विज्ञानकथा म्हणजे प्रपंचाची कथा होते, आणि ते मला मुळीच चुकीचं वाटत नाही.

‘साय-फाय’ म्हटलेलं चालतं का?

सिनेमाबद्दल बोलताना सर्रास चालतं. हा शब्द १९५४ च्या सुमारास फॉरेस्ट ॲकरमन या अमेरिकन चाहत्याने लोकप्रिय केला, तेव्हा नव्या आलेल्या ‘हाय-फाय’ या ध्वनियंत्रणेच्या शब्दाशी यमक जुळवून. जुन्या इंग्रजी लेखकांना तो आवडत नसे. त्यांच्या लेखी साय-फाय म्हणजे रबरी राक्षसांचे सिनेमे. मराठीत तो तुच्छतेचा रंग आलेला नाही.

विज्ञानकथा, भयकथा आणि अद्भुतिका यांत फरक काय?

एक विहीर घ्या. कोकणातलं घर, मागच्या अंगणात जांभ्यात खोदलेली विहीर. वैशाखात गावातल्या सगळ्या विहिरी तळाला जातात, आणि या एका विहिरीचं पाणी रोज रात्री दोन हात वर चढतं.

भयकथेत थोरल्या काकू सांगतात की पन्नास वर्षांपूर्वी घरातल्या एका सुनेने तिथे जीव दिला. मग रात्री रहाटाचा करकर आवाज येतो. इथे पाणी का चढतं हे कळून उपयोग नसतो, कळलं तर भीती जाते.

अद्भुतिकेत विहिरीच्या तळाशी दुसरं राज्य असतं, तिथल्या राणीने या घराला वर दिलेला असतो. त्या जगाचे नियम लेखक ठरवतो आणि आपण ते मान्य करून पुढे वाचतो.

विज्ञानकथेत घरातली कॉलेजात जाणारी मुलगी काठीवर खुणा करून ती विहिरीत सोडते. रात्री दहा, बारा, दोन वाजता पाण्याची पातळी वहीत लिहून ठेवते. आठव्या दिवशी तिच्या लक्षात येतं की पाणी चढायची वेळ रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकतेय. म्हणजे भरतीसारखी. पण समुद्र तर चाळीस किलोमीटरवर, आणि पाणी गोडं. खाली काय आहे? इथपर्यंत कोडं झालं. कथा सुरू होते ती पुढे, टँकरवाला अंगणात येऊन उभा राहतो आणि काका त्याच्याशी हळू आवाजात बोलू लागतात तेव्हा.

पुष्पक विमानाची गोष्ट ही पहिली विज्ञानकथा नाही का?

नाही. यात रामायणाचा काही कमीपणा नाही. पुष्पक विमान कसं उडतं हा प्रश्न त्या काव्याला पडलेलाच नाही, आणि पडायचं कारणही नाही. ते कुबेराचं होतं, रावणाने हिसकावलं, रामाला अयोध्येला घेऊन आलं, एवढं त्याचं काम. उलट दिशेने, ते विमान खरंच होतं आणि आपल्याला सगळं आधीच ठाऊक होतं, असा दावा केला की विज्ञानकथाही जाते आणि काव्यही जातं, उरतं ते छद्मविज्ञान. पुराणातली कल्पना उचलून तिच्यावर विज्ञानकथा रचायला मात्र कोणाची ना नाही.

पहिली कोणती, या वादात बरेच अभ्यासक मेरी शेलीच्या १८१८ च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’कडे बोट दाखवतात. तिथे निर्जीवाला जीव मंत्राने येत नाही, प्रयोगाने येतो.

विज्ञानकथा भविष्य सांगते ना?

तशी तिची जाहिरात करतात. ‘अमेझिंग स्टोरीज’चं ब्रीदच होतं की आजची अफाट कल्पना ते उद्याचं रोकडं सत्य. पण उदाहरणं तपासून बघा. आर्थर क्लार्कने कथेत दळणवळण उपग्रहांचं भाकीत केलं असं दर भाषणात ऐकू येतं. त्याने ती कल्पना १९४५ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ या तांत्रिक मासिकात मांडली. तो लेख होता, आकडेमोडीसकट. व्हर्नचे वीर फ्लोरिडातून चंद्राकडे निघाले आणि अपोलोही तिथूनच निघालं, हे खरं. पण व्हर्नने त्यांना तोफेतून उडवलं होतं. त्या धक्क्याने आतल्या तिघांचा चेंदामेंदा झाला असता.

भाकितं खरी ठरली तर तो योगायोग समजावा. विज्ञानकथा ‘असं होईल’ म्हणत नाही, ‘असं झालं तर तुम्ही काय कराल’ असं विचारते.

विज्ञान पुढे खोटं ठरलं तर कथा बाद होते का?

होत नाही. मंगळावर कालवे आहेत ही समजूत १८७७ मध्ये स्कियापारेल्ली या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने तिथे रेषा पाहिल्या तिथून सुरू झाली आणि १९६५ मध्ये मरिनर-४ या यानाने विवरांची छायाचित्रं पाठवली तेव्हा संपली. मधल्या काळातल्या कालव्यांच्या कथा आजही विज्ञानकथाच आहेत. लिहिणाऱ्याने त्याच्या काळच्या माहितीशी इमान राखलं की झालं. आज मंगळावर कालवे दाखवणाऱ्याला मात्र खुलासा द्यावा लागेल.

‘रोबो’ला ‘यंत्रमानव’ म्हणणं बरोबर आहे का?

शब्द सुंदर आहे, पण मूळ अर्थ त्यात हरवतो. कारेल चापेक या चेक लेखकाने १९२० च्या नाटकात ‘रोबो’ हा शब्द आणला. तो सुचवला होता त्याच्या चित्रकार भावाने, योझेफने. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे वेठीला धरून करून घेतलेलं काम. नाटकातले रोबो धातूचे नव्हतेच, रसायनांपासून घडवलेले, जवळपास माणसांसारखे जीव होते. म्हणजे नेमका मराठी प्रतिशब्द ‘वेठबिगार’. आता कोण बदलणार?

हार्ड सायन्स फिक्शन, स्पेस ऑपेरा, सायबरपंक हे काय असतं?

उपप्रकार. हार्ड म्हणजे आकडेमोड चोख असलेली. स्पेस ऑपेरा म्हणजे ग्रहाग्रहांतल्या लढाया आणि राजकन्या. १९४१ मध्ये हा शब्द टिंगल म्हणून निघाला, आता प्रेमाने वापरतात. सायबरपंक म्हणजे १९८० च्या दशकापासूनची, संगणकांच्या जाळ्याची आणि अंधाऱ्या शहरांची. मराठीत या खोक्यांची फारशी गरज पडलेली नाही.

कथेच्या शेवटी विज्ञानाचं स्पष्टीकरण जोडू का?

नको. आणि ते स्पष्टीकरण पुण्यात राहणाऱ्या निवृत्त प्राध्यापकांच्या तोंडी, चहा पिता पिता, चौकस भाच्याला सांगितल्यासारखंही घालू नका. मागच्या वर्षी असे अकरा प्राध्यापक आले होते. अकराही विधुर, आणि नऊ जणांच्या बंगल्याच्या तळघरात प्रयोगशाळा.

त्याच गठ्ठ्यात एक फुलस्केपवरची कथा होती. बोअर मारणाऱ्या गाडीवरचा मजूर, साडेचारशे फुटांवरून वर आलेला ओला चुरा बोटांत चोळून बघतो आणि मालकाला काहीच न सांगता गाडी बंद करतो. पुढची आठ पानं मी उभ्यानेच वाचली.